दालमिल, चक्की, शीतगृहासाठी सोलर: पॅनल धुण्यापासून बँकेच्या हप्त्यापर्यंत

हे मार्गदर्शन विदर्भातल्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी दालमिल, पीठगिरणी, तेलघाणी, दूध संकलन केंद्र, छोटं शीतगृह किंवा वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी नुकतंच सोलर बसवलं आहे आणि जे बसवायच्या विचारात आहेत, त्या दोघांच्याही कामाचं. एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्या. बँकेचा हप्ता दर महिन्याला सारखा असतो, पण सोलरचं उत्पादन सारखं नसतं. त्यामुळे पॅनल धुणं, नट कसणं, रीडिंग लिहून ठेवणं ही कर्जफेडीचीच कामं आहेत.

लाईन गेली की सोलरही बंद

नव्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: "ऊन एवढं आहे, मग मशीन का बंद पडलं?" साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनला जोडलेला असतो. लाईन गेली की तो सुमारे दोन सेकंदांत स्वतःला तोडून घेतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून करंट लागू नये म्हणून ही सोय सक्तीची आहे. ती बंद करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. लाईन नसतानाही काम चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो वेगळा खर्च आहे, त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

पायरी १: आधी बिल, मग पॅनल

मागच्या १२ महिन्यांची बिलं समोर घ्या. मंजूर भार किती, दर महिन्याची युनिटं किती, दर युनिटला सगळे आकार धरून किती पैसे पडतात, हे तीन आकडे वहीत लिहा. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज लाईनला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, प्रकल्पाची क्षमता मंजूर भाराच्या किंवा कराराच्या मागणीच्या आत ठेवावी लागते. म्हणून भार १५ किलोवॅट असताना २० चं कोटेशन घेऊन बसू नका.

आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिटं मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये ४.५ ते ५, तर जुलै-ऑगस्टमध्ये २.५ ते ३. नवतप्यात ऊन सर्वांत कडक असलं तरी उत्पादन सर्वांत जास्त नसतं. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं. दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांची १४ टक्के होते. म्हणजे मे महिन्यात उत्पादन थोडं उतरलं तर तो बिघाड नसतो. पॅनल टिनाला चिकटवून न लावता खालून हवा खेळेल एवढी जागा सोडली, तर ही घट थोडी कमी होते.

२० किलोवॅटसाठी ५५० वॅटची ३६ पॅनल लागतात आणि छतावर साधारण २,००० चौरस फूट मोकळी जागा. तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास. बाजूला कडुनिंब किंवा पाण्याची टाकी असेल तर डिसेंबरात सकाळी ९ आणि दुपारी ४ वाजता सावली कुठे पडते ते पाहा. त्या महिन्यात सूर्य खाली असतो आणि उन्हाळ्यात न दिसणारी सावली तेव्हा अर्धी ओळ झाकते.

नेट मीटरिंगचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात. ३१ मार्चला उरलेली युनिटं मात्र तुमच्या बिलाच्या दराने नाही, त्याहून बऱ्याच कमी दराने विकत घेतली जातात. जिनिंगवाल्याला हे वर्ष सोयीचं पडतं. एप्रिलपासून साठलेली युनिटं नोव्हेंबरपासूनच्या हंगामात वापरून होतात. दालमिलचा हंगाम मात्र तूर आल्यावर सुरू होऊन पुढे मेपर्यंत जातो. त्यामुळे मार्चच्या आत जेवढं चालवता येईल तेवढं चालवा आणि क्षमता वर्षाच्या वापरापेक्षा थोडी कमीच ठेवा.

१० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना आता वेळेनुसार दर लागू होतात: सौर तासांत स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत महाग. दिवसा तयार झालेली युनिटं कोणत्या वेळेच्या पट्ट्यात वजा झाली, हे बिलावर दर महिन्याला तपासा. सगळ्यांत फायद्याचा उपाय साधा आहे. जड मोटरा सकाळी १० ते ४ मध्ये चालवा.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. सोलर तुमच्या मोटरांना काम करणारी वीज देतं, पण मोटरांच्या आतल्या चुंबकासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीज लाईनवरूनच येत राहते. त्यामुळे मीटरला पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण ओढलेल्या विजेतला कामाच्या विजेचा वाटा, घसरलेला दिसतो. बिलात पॉवर फॅक्टरचा दंड किंवा केव्हीएएच आकारणी (दोन्ही प्रकारची वीज धरून केलेलं बिल) असेल तर कपॅसिटर पॅनल तपासून घ्या, नाहीतर एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

पायरी २: धुणं कधी, कशाने

धूळ इथे प्रत्येक भागात वेगळी आहे. चंद्रपूर, घुग्गुस, वणीकडे कोळशाची भुकटी आणि राख. कोराडी-खापरखेड्याच्या आसपास राख. गडचांदूरकडे सिमेंट. जिनिंगच्या गावात रुईचा तंतू, आणि तूर-सोयाबीनच्या मळणीत कुटार. कुटार आणि रुई कोरड्या कपड्यानेही निघतात. सिमेंट किंवा राखेवर दव पडलं की ती घट्ट बसते, मग घासावं लागतं आणि काचेवर ओरखडे येतात. म्हणून असल्या ठिकाणी आठ-दहा दिवसांचा नेम चुकवू नका.

इतर ठिकाणी किती दिवसांनी धुवायचं ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. दोन ओळी असतील तर एकच धुवा. दुसऱ्या दिवशी स्वच्छ उन्हात १२ वाजता दोन्ही ओळींचा करंट इन्व्हर्टरच्या पडद्यावर पाहा. धुतलेल्या ओळीत ५ टक्के जास्त दिसला, तर २० किलोवॅटवर रोजची ४ युनिटं धुळीत जात आहेत. ८ रुपये दर धरला तर ३२ रुपये रोज. धुण्याची मजुरी ३०० रुपये असेल तर ती दहा दिवसांत वसूल होते. फरक २ टक्केच असेल तर आणखी आठवडाभर थांबा.

धुण्याची वेळ सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की काच तडकू शकते. ३६ पॅनलला ७० ते ८० लिटर पाणी पुरतं. पाणी मात्र मऊ हवं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी पॅनलवर वाळलं की मिठाचा पांढरा थर राहतो आणि दर धुण्याला जाड होत जातो. साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. तेही नसेल तर बोअरच्या पाण्याने धुऊन लगेच रबरी वायपरने कोरडं करा. साबण, निरमा, वाळू, तारेचा ब्रश यांपैकी काही नको. लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो. पॅनलवर पाय देऊ नका. वरून काही दिसत नाही, पण आतल्या सेलला बारीक भेगा पडतात आणि वर्षभराने तिथेच काळे डाग उठतात.

धुताना एखाद्या पॅनलची काच फुटलेली किंवा वायर सोललेली दिसली तर पाणी टाकू नका. १८ पॅनलच्या ओळीत ९०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं, आणि ऊन असेपर्यंत ते कोणत्याही स्विचने पॅनलमधून जात नाही.

पायरी ३: रोज एक ओळ, महिन्याला एक फेरी

इन्व्हर्टरशेजारी वही बांधून ठेवा. रोज संध्याकाळी तारीख, दिवसाची युनिटं, आभाळ कसं होतं, लाईन किती वेळ गेली होती, एवढं लिहा. मोबाइलचं अॅप असलं तरी वही ठेवा, कारण नेटवर्क गेलं की अॅपमध्ये भोकं पडतात आणि वॉरंटीच्या भांडणात वहीच उपयोगी येते.

महिन्याच्या फेरीत पाहायचं ते असं. डीसी आणि एसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरची छोटी खिडकी हिरवी आहे का? लाल झाली असेल तर विजेचा झटका त्याने स्वतःवर घेतला आहे. कार्ट्रिज बदला, नाहीतर पुढचा झटका इन्व्हर्टर घेईल. इन्व्हर्टरच्या पंख्यात आणि मागच्या पात्यांत कुटार अडकलं आहे का? आधी एसी बंद, मग डीसी बंद, पाच मिनिटं थांबून ब्लोअर मारा. हा क्रम कधी उलटा करू नका, आणि चालू असताना एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे प्लग) ओढू नका. डीसीचा जाळ एसीसारखा आपोआप विझत नाही.

इन्व्हर्टरची जागाच चुकली असेल तर ती आधी सुधारा. टिनाच्या शेडमध्ये, पॉलिशरच्या बाजूला लावलेला इन्व्हर्टर दुपारी तापतो आणि स्वतःच आउटपुट कमी करतो. उत्तरेकडची भिंत, वर छज्जा, चारही बाजूंना हातभर जागा, ही त्याची जागा.

आता वर्षातून दोनदा करायची कामं, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा पोळा झाल्यावर. मृगाच्या आधी अर्थिंग मोजून घ्या. तीन खड्डे वेगवेगळे हवेत: स्ट्रक्चर आणि डीसीचा एक, एसीचा एक, वीजरोधकाचा एक. मोजमाप मे महिन्यातच करायचं याला कारण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टमध्ये उत्तम येणारा आकडा मेमध्ये दुप्पट-तिप्पट होतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात. ५ ओहमच्या आत हवं. जास्त आलं तर खड्ड्यात पाणी टाका, तरी उतरलं नाही तर खड्डा नवा भरा. स्ट्रक्चरचे नट-बोल्ट पान्याने कसा, कारण जूनचं वादळ सैल क्लॅम्प शोधून काढतं. टिनावरचे स्क्रू गळत असतील तर रबरी वायसर बदला.

पोळा झाल्यावर वायरी पाहा. पावसाळ्यात उंदीर शेडमध्ये येतात आणि वायरचं वेष्टन कुरतडतात. वांदरं पॅनलखालच्या लोंबत्या वायरींना लटकतात. लोंबणारी एकही वायर ठेवू नका, यूव्हीला टिकणाऱ्या टायने बांधा. पावसाळी सकाळी इन्व्हर्टर "आयसोलेशन" किंवा "इन्सुलेशन" चूक दाखवून बंद राहतो आणि दहा वाजता ऊन पडलं की आपोआप सुरू होतो, असं झालं तर कुठेतरी सोललेल्या वायरीत किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरते आहे. सुरू झालं म्हणून सोडून देऊ नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ एकमेकांत घातलेले असतात, तेही याच फेरीत शोधा. ते बसतात, पण आत नीट भिडत नाहीत, तापतात आणि वितळतात.

दुपारी १२ ते २ मध्ये इन्व्हर्टर वारंवार सुटत असेल आणि पडद्यावर व्होल्टेज जास्त दिसत असेल, तर बिघाड बहुधा इन्व्हर्टरमध्ये नाही. लाईनचं व्होल्टेज नेमून दिलेल्याच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २३० धरलं तर २५३ वर गेलं की त्याने सुटायचंच असतं. गावठाण फिडरवर दुपारी भार कमी असतो आणि तुमची वीज मागे ढकलली जाते. आधी न्यूट्रलचे जोड तपासा, मग इन्व्हर्टर ते मीटर केबल पुरेशी जाड आहे का ते पाहा, आणि तरी सुटत असेल तर डीपीचा टॅप बदलण्यासाठी महावितरणकडे लेखी अर्ज द्या. इन्व्हर्टरच्या आतली मर्यादा बदलून घेणं हा उपाय नाही. मग तुमचे संगणक आणि पॅनलबोर्डच जास्त व्होल्टेज खातात.

पायरी ४: बॅटरी घ्यायची का

आमचं मत स्पष्ट आहे. नेट मीटर असताना बिल वाचवायला बॅटरी घेऊ नका. ती डिझेल वाचवायला आणि काम थांबू नये म्हणून घ्या.

हिशेब असा. ५१.२ व्होल्ट, १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे ५.१२ युनिटं. त्यातली रोज ४ वापरली, वर्षाला ३०० दिवस, दहा वर्षं, तर १२,००० युनिटं. उदाहरणापुरती किंमत १ लाख धरली तर फक्त साठवण्याचे युनिटमागे ८ रुपये ३३ पैसे. तेवढ्याला महावितरणच देतं. पण छोट्या जनरेटरला लिटरमागे ३ ते ३.५ युनिटं मिळतात, म्हणजे नुसत्या डिझेलचेच युनिटमागे २५ रुपयांच्या वर जातात. त्याच्यासमोर बॅटरी परवडते. मात्र तुमच्याकडे लाईन महिन्यात चारच वेळा जात असेल तर तीच बॅटरी पडून राहते आणि तिच्या युनिटचा भाव डिझेलच्याही वर जातो. म्हणून वहीतला "लाईन किती वेळ गेली" हा रकाना बॅटरी घेण्याआधी किमान तीन महिने भरा.

बॅटरीवर काय चालवायचं? वजनकाटा, संगणक, सीसीटीव्ही, दिवे, दूध तपासणीचं मशीन. असा ६०० वॅटचा भार चार तास म्हणजे २.४ युनिटं, वरची एक बॅटरी त्याला सहज पुरते. १० एचपीची मोटर चार तास म्हणजे ३० युनिटं, आणि सुरू होताना ती पाच ते सात पट करंट ओढते. तिला जनरेटरवरच राहू द्या.

लेड अॅसिड ट्यूब्युलर अजूनही गावात जास्त चालते, कारण ती दुरुस्त करणारा जवळ सापडतो. १२ व्होल्ट १५० एएचच्या चार बॅटऱ्या कागदावर ७.२ युनिटं, पण निम्म्याच वापरायच्या. त्याहून खाली उतरवत गेलात तर दोन उन्हाळ्यांत बसतात. तापमान हा त्यांचा खरा वैरी आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं. टिनाखालची खोली म्हणजे बॅटरीची भट्टी. स्लॅबखाली, वाळ्याचे पडदे लावता येतील अशी हवेशीर खोली द्या. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्याला पाण्याची पातळी पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, तेही चार्ज पूर्ण झाल्यावर. आधी टाकलं तर चार्ज होताना अॅसिड वर येऊन सांडतं. हायड्रोमीटरने दर सेलची घनता घ्या. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा सतत मागे राहत असेल तर तो बॅटरी संपत आल्याची खूण आहे. जुन्या बॅटऱ्यांत एक नवी मिसळू नका, जुन्या तिला आपल्या पातळीला ओढतात. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून त्या खोलीत देवाचा दिवा किंवा अगरबत्तीची जागा ठेवू नका.

लिथियम फॉस्फेटला पाणी नको, पण ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करणं टाळा. हंगाम संपून मिल दोन-तीन महिने बंद राहणार असेल तर दोघींची वागणूक उलटी आहे: लेड अॅसिड पूर्ण चार्ज करून ठेवायची आणि मधून मधून चार्ज द्यायची, लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवून बंद करायची.

पायरी ५: पैसा उभा करणं

पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान घरगुती वीजजोडणीला आहे. दुकान-मिलच्या जोडणीला ते मिळत नाही. मिळवून देतो म्हणणारा माणूस तुमच्या घराच्या मीटरवर कागद करून तुम्हालाच अडकवतो.

व्यवसायाला फायदा होतो तो करात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनल-इन्व्हर्टरसारख्या सौर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बसवण्यासकट पूर्ण कंत्राट असेल तर ७० टक्के किमतीवर ५ आणि ३० टक्के किमतीवर १८, म्हणजे एकंदर ८.९ टक्के. कोटेशनवर १३.८ दिसले तर तो जुना दर आहे, परत पाठवा. वेगळी घेतलेली बॅटरी १८ टक्क्यांत येते. करमुक्त माल विकणाऱ्याला इनपुट क्रेडिट प्रमाणातच मिळतं, तेव्हा पूर्ण क्रेडिट धरून बजेट मांडू नका.

आयकरात सोलरवर पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. गृहीत नफ्यावर कर भरणाऱ्याला तो वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएला हा एक प्रश्न आधी विचारा, कारण त्यावर परतफेडीची वर्षं बदलतात.

बँकेत जाताना उद्यम नोंदणी, १२ बिलं, तीन वर्षांची विवरणपत्रं, शेडचे मालकीचे कागद आणि दोन कोटेशनं न्या. शेड भाड्याचं असेल तर कर्जाच्या मुदतीपेक्षा लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार आणि छत वापरायची लेखी परवानगी लागेल. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जहमी योजनेच्या हमीखाली कर्ज द्या असं नाव घेऊन विचारा; नुसतं "तारण नाही" म्हटलं की अर्ज बाजूला पडतो.

२० किलोवॅटचं उदाहरण १० लाख धरून मांडू. २.५ लाख स्वतःचे, ७.५ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं: हप्ता सुमारे १५,९३५ रुपये. उत्पादन वर्षाला २८,००० युनिटं, दर ८ रुपये, बचत २,२४,००० म्हणजे महिन्याला सरासरी १८,६६७. वरचे २,७०० रुपये नफा समजू नका. त्यातून धुणं, वर्षाचा देखभाल करार, विमा आणि दहा-बारा वर्षांनी लागणाऱ्या इन्व्हर्टरची तजवीज करायची आहे. देखभालीअभावी उत्पादन १५ टक्के खाली आलं की महिन्याची बचत १५,८६७ होते आणि हप्ता खिशातून जायला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर चांगल्या देखभालीतही ती हप्त्याखाली जाते, म्हणून मार्च-एप्रिलच्या बचतीतून हप्ता देऊन जे उरतं ते बाजूला ठेवा. हंगामी धंदा असेल तर बँकेकडे हंगामात मोठे आणि पावसाळ्यात लहान हप्ते मागा.

विम्यात वादळ, वीज, चोरी आणि गारपीट ही चारही नावं लिहिलेली हवीत. पॅनलची नेहमीची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेची असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे त्याहून मोठ्या गारा पडतात.

पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचे १० टक्के नेट मीटर लागून पहिलं बिल वजा होऊन येईपर्यंत हातात ठेवा. बँकेकडेही पहिल्या तीन महिन्यांची सवलत मागा, कारण पॅनल चढतं लवकर आणि मीटरला वेळ लागतो. घसाऱ्याचे पूर्ण ४० टक्के हवे असतील तर त्या आर्थिक वर्षात प्रकल्प किमान १८० दिवस वापरात असावा लागतो, नाहीतर निम्मेच मिळतात. नुसतं बिल चालत नाही, सुरू झाल्याचा दाखला लागतो. म्हणजे सप्टेंबरअखेर प्रकल्प चालू व्हायला हवा, त्यासाठी जुलैत ऑर्डर आणि मेमध्ये बँकेत अर्ज. तुरीचा हंगाम उतरतो आणि हातात थोडी सवड असते, ते हेच दिवस.